डावीकडचं बटण

भोक पाडून झालं होतं. आता बोलून काही उपयोग नव्हता, तरी वहिनी बोलल्याच.

"चांगल्या धडधाकट बोटीला हे कसले डोहाळे?"

लिफ्टवाल्यांनी फुंकर मारून बोटीच्या पाठीवरचा भुसा उडवला. तो थेट जेवणाच्या टेबलावर पसरला, पण त्याबद्दल बोलायची ही वेळ नव्हती.

वहिनींचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं दुरुस्त करायची आणि घरी आल्यावर बोटींशी खेळायचं. "खेळायचं" हा वहिनींचा शब्द. त्यांच्यासमोर तो उच्चारायची सोय नव्हती. बोट म्हणजे कुशीत मावेल एवढी, पण पोटात खरं पेट्रोल इंजिन, गवत कापायच्या मशीनला असतं तसलं. डाव्या हातानं बोट दाबून धरायची, उजव्यानं दोरी ओढायची, की इंजिन सुरू. सुट्टीच्या दिवशी बागेतल्या तळ्यावर शर्यती लागत. तिथे भलेभले दोरी ओढून घामाघूम होत, आणि लिफ्टवाल्यांनी एक झटका दिला की इंजिन बोलायला लागे. त्यांचा तो हात बघायला लोक कठड्याशी थांबत. वहिनीही बघत, पण कौतुक तोंडावर करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आणि त्या माणसानं आता स्वतःच्या सगळ्यात वेगवान बोटीत इलेक्ट्रिक स्टार्टर बसवायला घेतला होता! बिघडलेल्या ड्रिलची मोटर, दोन दातेरी चाकं, वर बॅटरीचं ओझं. ही बोट आता पळायची नाही, तरंगली तरी नशीब, असं वहिनींनी सांगून टाकलं.

हे सगळं पेंटरसाठी चाललं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच जास्त चिडचिड होत होती.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा, यांचा जुना मित्र आणि तळ्यावरचा जुना वैरी. नाकावर माशी बसू न देणारा. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डाव्या हातानं जेवायला शिकला, सही करायला शिकला, पण दोरी ओढायची तर दोन हात हवेत. तळ्यावरचा नियम होता, ज्याची बोट त्याचाच हात. दुसऱ्यानं इंजिन सुरू करून दिलं की बोट बाद. हा नियम कुणी केला? पेंटरनंच, भांडून भांडून. आता तो त्याच्याच गळ्यात आला होता. बोटींचा कंटाळा आला म्हणे, असं सांगून त्यानं बोट कपाटावर टाकली, मग तळं सोडलं, मग घराबाहेर पडणंच सोडलं. त्याच्या बायकोचा फोन येई. दिवस दिवस बोलत नाहीत हो, ती म्हणे. असंच चाललं तर हा माणूस आमच्या हाताला लागायचा नाही.

लिफ्टवाले आधी सरळ गेले होते त्याच्याकडे. तुझ्या बोटीला स्टार्टर बसवून देतो म्हणाले. पेंटर म्हणाला, माझ्या बोटीला कुबड्या लावायला आलास का? आणि तोंड फिरवलं. हे घरी परत आले. मग त्यांनी ड्रिल उघडला.

"एकट्या त्याच्या बोटीला लावला तर ती कुबडी," त्यांनी वहिनींना समजावलं. "सगळ्यांच्या बोटींना लागला की तो नुसता स्टार्टर."

"आणि सुरुवात तुमच्यापासून?"

"ज्याला गरज नाही त्यानंच सुरुवात करायला हवी. नाहीतर कोण हात लावेल?"

पुढच्या शर्यतीला तळ्यावर जी टिंगल झाली, ती वहिनींच्या जिव्हारी लागली. केस कापणारा म्हणाला, लिफ्टवाल्याला पाण्यातही बटण लागतं. कुणी विचारलं, हात गहाण टाकलात का? हे हसून म्हणाले, खांदा भरून येतो हल्ली. आणि बोट शेवटी आली. दरवेळी पहिली येणारी बोट! वहिनींना वाटलं, उठून सगळ्यांना खरं काय ते सुनवावं. पण मूग गिळून बसल्या.

टिंगल महिनाभर टिकली. मग लठ्ठ बेकरीवाला, ज्याला दोरी ओढताना धाप लागायची, तो हळूच विचारायला आला. त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला. टेबलावर बोटींची रांग लागली आणि घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली. वहिनी बघता बघता शिकल्या. इंजिन सुरू झालं की स्टार्टरनं आपण होऊन बाजूला व्हायचं, नाहीतर दाते झडतात. मागे वजन वाढलं की पेट्रोलची टाकी पुढे सरकवायची. कपड्यांच्या टबात बोट सोडून तिचं नाक वर येतं का, ते आता वहिनीच सांगत. बेकरीवाल्याचं चाक जरा कुरकुरत होतं. त्याला पत्ता नव्हता, तरी यांनी ते पुन्हा पुन्हा उतरवून बसवलं. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

आणि एका सकाळी दारात पेंटर. डाव्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली बोट, मागे बायको.

"सगळ्यांच्या बसवल्यास म्हणे," तो म्हणाला. "माझीच काय ती राहिली."

वहिनींनी घाईनं खुर्ची पुढे केली. आणि हे? यांनी मानसुद्धा नीट वर केली नाही.

"नंबर लागेल. आधी दोन बोटी आहेत."

वहिनींना वाटलं, आता हा उलट्या पावली जाणार, सगळं मुसळ केरात. पण पेंटर भडकला. आपली मैत्री जुनी की त्या दोघांची, असा आवाज चढवून भांडायला लागला. त्याची बायको जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती. वर्षभरात पहिल्यांदा नवरा भांडत होता.

शर्यतीच्या दिवशी पेंटर धक्क्यावर बसला, डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं, इंजिननं खोकल्यासारखं केलं आणि धडधडायला लागलं. बोट पाणी कापत गेली. पहिला नाही आला तो, पण लिफ्टवाल्यांच्या पुढे आला, आणि ते त्यानं सगळ्या बागेला ऐकवलं.

हे गवतात अडकलेली आपली बोट सोडवायला पाण्यात उतरले, तेव्हा पेंटर वहिनींच्या बाकावर येऊन टेकला.

"वहिनी, सगळ्यांच्या बोटींना बटण उजवीकडे आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "डावीकडे फक्त दोघांच्या. माझ्या आणि त्याच्या. तो काय डावखुरा आहे? त्यानं आधी स्वतःच्या बोटीवर माझं माप घेतलं."

वहिनींनी पाण्यात वाकलेल्या यजमानांकडे बघितलं.

"मला कळलंय हे त्याला सांगू नका. मला आवडायचं नाही, आणि त्याला तर मुळीच नाही."

घरी आल्यावर लिफ्टवाले बोट पुसत बसले. वहिनींनी विषय काढला.

"आता तुमचा स्टार्टर काढा ना. पेंटरचं काम झालं. पुन्हा पहिले याल."

"काढला तर त्याला कळेल," ते म्हणाले आणि फडकं पिळलं.

त्याला कळलंय, हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं. पण त्या पुढे झाल्या आणि त्यांना नीट पुसता यावं म्हणून बोटीचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या तळ्यावर लिफ्टवाल्यांनी दोरी कधी ओढली नाही.