पाठीवरचं शहर

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पुढचं जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचाच गोंधळ आहे, तेव्हा सांभाळून घ्या. माझं पोट म्हणतं मी कापूस आहे. पाठ म्हणते मी शहर आहे. आणि एका माणसाला माझ्यात स्वतःचं शेत दिसलं, त्यापायी त्याला कित्येक दिवस घास गोड लागला नाही. तिघांचंही म्हणणं मी ऐकून घेतलं आहे. खरं कोण, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

माझा जन्म नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, छपाईच्या एका दुकानात झाला. यंत्राचं डोकं माझ्या अंगावरून इकडून तिकडे फिरत होतं आणि मला गुदगुल्या होत होत्या. छापून झाल्यावर पाहतो तर पोटावर एक हसरा शेतकरी आणि त्याच्या हातात त्याच्या डोक्याएवढं कापसाचं बोंड. असा शेतकरी आणि असं बोंड मला पुढे जन्मात कुठे भेटलं नाही. पण तेव्हा मी नवा होतो. अंगावर छापलेलं सगळं खरं असतं, असंच मला वाटायचं.

राजूरच्या एका खतबियाणांच्या दुकानावर मला टांगलं. ते माझे मानाचे दिवस. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं मान वर करून माझ्याकडे बघायची. "बोंड हाय का नारळ?" असं कुणी म्हणालं तरी मी ती स्तुतीच समजायचो. पण हंगाम सरला, वाऱ्याने एक कोपरा फाटला आणि माझ्या जागी टोमॅटोचा नवा फ्लेक्स आला. गरज सरो, वैद्य मरो! मला खाली टाकलं. त्याच वेळी खत न्यायला एक शेतकरी आले होते, पुंजाराम. "वाया जाईन, मला द्या," म्हणत त्यांनी मला मोटारसायकलला बांधलं आणि राजूरजवळच्या आपल्या गावी नेलं. तिथे मी कडब्याच्या गंजीवर पडलो. फ्लेक्स काही मरत नाही मित्रांनो, त्याची फक्त बदली होते.

पुंजारामांना घरात नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणतो. नानांचं घर शेतातच आहे. उषाबाई त्यांच्या पत्नी, आणि अर्पिता ही मुलगी. अर्पिता नवीन जालन्यात एका इंजिनिअरच्या ऑफिसात प्लॉटचे नकाशे काढते. आठवडाभर तिथे खोली करून राहते आणि शनिवारी घरी येते. अशाच एका शनिवारी ती कडब्यापाशी आली, माझं एक टोक उचललं आणि माझी पाठ पाहून तिचे डोळे चमकले. पाठ पांढरीशुभ्र होती ना! तिने मला धुतलं, पुसलं आणि ओसरीच्या भिंतीवर उलटं टांगलं. हसरा शेतकरी भिंतीला तोंड लावून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ जगाकडे झाली आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

अर्पिता आणि तिचे सोबती एक गोष्टीचा खेळ खेळतात. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैदू, कुणी पदच्युत राणी. संकट आलं की पुष्कळ बाजू असलेला फासा टाकायचा आणि निभावलं की नाही ते बघायचं. गोष्ट सांगणारी अर्पिता. तिला या खेळासाठी एक अख्खं शहर उभारायचं होतं, गल्लीबोळांसकट. ऑफिसात दिवसभर चौकोनी प्लॉट काढून ती विटली असावी. कारण माझ्या पाठीवर तिने एकही रस्ता सरळ काढला नाही.

शहराचं नाव मेघवेस. त्यात झोपेचा बाजार होता. तिथे म्हणे न झोपलेली माणसं दुसऱ्याची उरलेली झोप विकत घेत. भूतआळी होती, तिथल्या रहिवाशांना घरपट्टी माफ. सावल्या गहाण ठेवायची पेढी होती. ज्याने सावली ठेवली त्याने उन्हात फिरायचं नाही, असा तिथला कायदा. हे सगळं ती स्वतःशी पुटपुटत लिहायची आणि मी ऐकून चक्रावून जायचो. सावली गहाण कशी ठेवतात? मला तर माझीच सावली कधी दिसली नव्हती.

पण शहर वसवायचं तर आधी जमिनीला आकार लागतो. तो तिने कुठून आणला? ओसरीतून समोर पाहिलं आणि काढला. नाल्याकडे निमुळतं आणि रस्त्याकडे फाकलेलं नानांचं रान तिने जसंच्या तसं उचललं. नाल्याची नदी झाली. कडुलिंबाच्या झाडाचा जो दक्षिणेकडचा बांध, त्याचा तट झाला. आणि मधोमध, जिथे विहीर होती, तिथे शहराचा सगळ्यात मोठा चौक.

इकडे गावात निराळंच वारं होतं. आमच्या भागातून नवा मोठा रस्ता जाणार, अशी बोलवा उठली होती. कुणी म्हणे नाल्याच्या अलीकडून, कुणी म्हणे पलीकडून. धड माहिती कुणालाच नव्हती, पण गावातली माणसं कागदाचा कपटा दिसला तरी त्यात आपला गट नंबर शोधायची. आणि नेमकी त्याच दिवसांत नानांनी मोसंबीची रोपं आणली होती. खड्डे खणून तयार होते. रोपं काळ्या पिशव्यांत, विहिरीजवळ.

एके दिवशी अर्पिता जालन्याला गेलेली असताना नाना माझ्यासमोर थबकले. त्यांचं बोट बांधावरून फिरलं, नाल्यावरून फिरलं आणि विहिरीपाशी येऊन थांबलं. मग त्यांनी शेजारच्या आबारावांना हाक मारली. आबारावांना वाचायची हौस दांडगी आणि आपल्याला कळलं नाही असं म्हणायची सवय बिलकुल नाही.

"आपलंच रान हाय ना हे?" नानांनी विचारलं.

"बराबर हाय की. लिंबाचा बांध बी घेतला." आबारावांनी चष्मा पुढे केला. "झोपेचा बाजार. म्हंजे लॉजिंग. नव्या रस्त्याला लॉजा लागतेतच. अन् हे भूतआळी. मसणवट्याकडंचे प्लॉट असतीन. स्वस्तात जातेत."

"अन् सावलीची पेढी?"

आबाराव क्षणभर अडले. "पतसंस्था," ते म्हणाले. "शहरात काय बी नावं ठेवतेत. पुंजाराम, तुझी पोरगी नकाशेच काढती ना? मंग तिच्याच ऑफिसात आलं असन हे काम. तुला बोलली न्हाई का?"

नानांनी बोट पुन्हा विहिरीवर टेकवलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? आबारावांचं ऐकून मलाही ते पटायला लागलं होतं. पोटावरचं बोंड मी खरं मानलंच होतं, मग पाठीवरचं शहर खोटं कशावरून?

शनिवारी अर्पिता आली. ती नदीवर पूल काढत असताना नाना मागे येऊन उभे राहिले.

"माय, हे आपलंच रान हाय ना?"

अर्पिताला केवढा आनंद झाला! "वळखलं का नाना? आपलंच हाय."

"अन् विहीर?"

"विहिरीवर चौक केला. समदे रस्ते तिथंच येऊन मिळतेत."

नानांनी चौकाभोवती बोट फिरवलं. "मंग आपण कुठं?"

"हे इथं, वेशीला लागून." तिने एक इवलीशी खोली दाखवली. "वेस राखायचं काम तुम्हाला दिलंय. कोण आलं, कोण गेलं, समदं तुम्ही बघायचं."

"रखवालदार?"

"लई मानाचं काम हाय, नाना. तुम्हाला विचारल्याबिगर कोणी आत येऊ शकत न्हाई."

नाना मान हलवून बाहेर गेले. अर्पिता गुणगुणत पूल पुरा करू लागली. तिला वाटलं, वडिलांना आपला खेळ आवडला. मला त्यांचा चेहरा दिसला होता. आपल्याच रानाच्या वेशीवर काठी घेऊन उभं राहायचं, हे ज्याला सांगितलं त्याचा चेहरा कसा होतो, ते मी सांगत नाही.

त्या दिवसापासून रोपं पिशव्यांतच राहिली. उषाबाई म्हणायच्या, "आवं, पानं वळून राह्यली, लावा की." नाना म्हणायचे, "बघू." आबारावांनी तर सल्लाच दिला, "जल्दी लावून टाक. झाडं दिसली तं मोबदला वाढतो." त्यावर नाना एवढंच म्हणाले, "तोडायसाठी झाड लावायचं व्हय? मला न्हाई जमणार." उषाबाई तांब्याने पाणी घालत राहिल्या, तरी काही रोपं माना टाकू लागली. अर्पिता फोनवर विचारायची, "नाना असे का गप गप?" याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण मला तोंड कुठे आहे?

पुढच्या रविवारी अर्पिताचे सोबती खेळायला आले. तिच्या खोलीत राहणारी तृप्ती आणि बियाणं कंपनीत काम करणारा कल्याण. कल्याणच्या खांद्याला बॅग, खिशाला पेन, पायात चकचकीत बूट. नानांनी त्याला वाकून रामराम केला. तो बिचारा गोंधळून त्यांच्या पाया पडला. मला भिंतीवरून काढून ओसरीत अंथरलं. माझ्यावर माणसं म्हणून तुरीचे दाणे मांडले, पहारेकरी म्हणून हरभरे. नाना धुतलेले कपडे घालून उंबऱ्यावर बसले होते. हात गुडघ्यांवर, नजर माझ्यावर.

खेळ रंगला. कल्याण म्हणाला, "दक्षिणेकडचा तट पाडायचा. त्याबिगर आत जाता येत न्हाई." त्याने फासा टाकला. तृप्तीने वाकून बघितलं आणि टाळी वाजवली, "पडला बघ तट."

नाना उठले. हात जोडून कल्याणसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, बांध पाडा. पण लिंब तेवढा राहू द्या. माझ्या बापानं लावल्ता."

फासा उचलायला गेलेला कल्याणचा हात तिथेच राहिला. "काका, मी साहेब न्हाई," तो चाचरत म्हणाला. "मी कंपनीत उगवलेलं बी मोजतो."

अर्पिता वडिलांकडे बघत राहिली. मग तिची नजर बाहेर विहिरीजवळच्या सुकलेल्या रोपांकडे गेली आणि तिला एकदम सगळं उमगलं. "नाना, हे खोटं हाय," ती म्हणाली. "खेळ हाय नुस्ता."

"खोटं कसं? विहीर खोटी हाय का? बांध खोटा हाय का?"

मित्रांनो, माझाही अगदी हाच प्रश्न होता. मी कान टवकारले.

"शहर काढायला जमीन लागती, नाना. अन् दुसरी कोणती जमीन मला डोळे मिटून काढता येत न्हाई. म्हणून आपली घेतली."

"मंग रस्ता?"

"रस्त्याचं मला कायबी माहीत न्हाई. तुम्हाला जेवढं माहीत, तेवढंच मला."

नाना माझ्या कडेला खाली बसले. "रान जाईन, याचं येवढं न्हाई वाटलं, माय. लोकायचं बी जातंच. पण मला वाटलं, तुला समदं ठावं हाय, अन् तू मला सांगून न्हाई राह्यली. माझं रान तूच आखून राह्यली."

अर्पिता रडली. लपवून नाही, सगळ्यांसमोर रडली. बापाच्या विहिरीवर आपण आनंदाने चौक बांधला आणि त्याला वेशीवर बसवलं, हे तिला आत्ता दिसलं. खेळातलं का असेना. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तेही रडले.

खेळ तिथेच राहिला. तुरीचे दाणे माझ्यावर तसेच सोडून सगळे रानात गेले. जी रोपं जगली होती ती त्यांनी लावली. कल्याणचे चकचकीत बूट मातीने भरले. बांधावरून आबाराव ओरडले, "पुंजाराम, अन् रस्ता खरंच आला तं?"

नानांनी रोपाच्या बुडाशी माती दाबली. "आला तं दारात येऊन सांगतीन की. माझ्या पोरीच्या हातून न्हाई येणार, येवढं कळलं. बस झालं."

रस्त्याचं अजून काही कळलेलं नाही. मीही आता थकलो आहे. घड्यांवरून माझे पापुद्रे सुटतात आणि उषाबाईंचा मला परत कडब्यावर टाकायचा विचार अधूनमधून कानावर येतो. मी कापूस की शहर की शेत, हा गोंधळही काही सुटला नाही, आणि तो घेऊनच मी जाईन. पण मित्रांनो, जाता जाता एक मागणं आहे. शहरं जरूर काढा. भूतआळ्या काढा, झोपेचे बाजार भरवा. फक्त ज्याच्या रानावर काढताय त्याला आधी बोलवा, शेजारी बसवा आणि काय काढताय ते दाखवा. न सांगितलेला नकाशा माणसाला फार लागतो.

आमच्याकडे आता तीच रीत झाली आहे. नवी गल्ली काढायची असली की अर्पिता आधी रानाकडे तोंड करून हाक मारते, "नाना, जरा इकडं या." नाना हात धुऊन येतात, माझ्यासमोर बसतात, कुठून कुठे ते विचारतात, कधी नको म्हणतात. आणि ते "काढ" म्हणेपर्यंत ती मार्करचं टोपण उघडत नाही.