लाडकुंवरबाईंचा आवाज

चोपड्याच्या लाडकुंवरबाईंनी तीन महिन्यांत सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं. सून हरवली नव्हती, घरातच होती. पण सासूसमोर पदर हनुवटीखालपर्यंत ओढायचा आणि सासूशी शब्द बोलायचा नाही, ही त्यांच्या मारवाडी घरातली रीत. काही विचारलं की पदर होकारार्थी हलायचा. बस्स.

सून प्रेमकुंवर धुळ्याची. पहिल्या श्रावणातली तीज आणि राखी माहेरी करायची, म्हणून उद्या तिचा भाऊ न्यायला येणार होता. लाडकुंवरबाईंना मुलगी नव्हती. सून यायची म्हणून त्यांनी लग्नाआधी दोन महिने पापड लाटले होते! आणि आता ही पोर आपल्या घरी सुखात आहे की नाही, एवढंसुद्धा कळेना. माहेरी गेल्यावर परत यायला रडली तर? या विचाराने त्यांचं जेवण सुटलं होतं.

म्हणून तिजेच्या बांगड्या भरायला ताईबाई कासारीण आली, तेव्हा लाडकुंवरबाईंनी तिला दारातच गाठलं.

"हात बघून सांग बाई, पोर खूश आहे का माझी?"

"त्यामा काय," ताईबाई म्हणाली. "हात धरा का माले बठ्ठं समजस."

ही काही बढाई नव्हती. तीस वर्षं बायकांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवणाऱ्या ताईबाईला, कोणाला दिवस गेलेत आणि कोण नवऱ्याशी भांडून बसलीय, हे घरच्यांच्या आधी कळायचं. मन निवांत असलं की अंगठ्याचं हाड आपोआप दुमडतं, असं ती सांगे.

तिने प्रेमकुंवरचा हात मांडीवर घेतला. गप्पांत नवऱ्याचा विषय काढला, हात उबदार झाला. धुळ्याचं नाव घेतलं, बोटं नाचली. सहा बांगड्या सरसर चढल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लाडकुंवरबाईंची हाक आली, "चहा ठेवू का गंऽऽ?" कट्‌दिशी फुटून दोन बांगड्या वाढल्या.

"लागलं का पोरीला?" करत लाडकुंवरबाई धावत आल्या, आणि तिसरीही गेली.

ताईबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "शेठाणी, राग येऊ देऊ नका. तुमना आवाज उना का पोरना हात कडक व्हई जास. भेस ती तुमले."

लाडकुंवरबाई तिच्याजवळच खाली बसल्या. शिव्या दिल्या नाहीत, जाच केला नाही, मग पोर भिते कशाला?

ताईबाईने मग भलतंच केलं. शेठाणीचा हात ओढून सुनेच्या हातात दिला. "पोर, आते तू भर सासूना हातमा."

प्रेमकुंवरने हात धरला आणि थबकली. तो हात गार होता, घामेजलेला, थरथरत होता. पदराआडून ती ताईबाईला हळूच म्हणाली, "यांना विचारा ना. रोज माझ्यावर इतक्या रागावतात, मग आज हात का थरथरतो यांचा?"

लाडकुंवरबाईंना ओठ हललेलेही दिसले नाहीत, आवाजही आला नाही. "काय म्हणाली? काय म्हणाली?" त्या ओरडल्या.

आणि ताईबाई पोट धरून हसायला लागली. "अवं पोर, त्या रागे नही भरतस! भिंतीले लागीसन जिनिंगना कारखाना शे. तीस वरीसमा त्यानी यासना कान खाई टाकात. नीट ऐकू येत नही, म्हनीसन वरडतस!"

"मी ओरडते?" लाडकुंवरबाईंनी असं विचारलं की वळचणीतली कबुतरं उडाली. शेठजी त्याच कारखान्यातले, नोकरही तिथलेच; घरात सगळेच या पट्टीत बोलत. आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. तीन महिने पोरीला पदराखालून फरशी, सासूची पावलं आणि हा आवाज, एवढंच मिळालं होतं. चेहरा पाहिला असता तर कशाला भ्याली असती?

लाडकुंवरबाईंनी स्वतःच्या हाताने तो पदर वर केला. भेदरलेले मोठे डोळे, कपाळावर घाम. त्या डोळ्यांना समोर रडता रडता हसणारी एक बाई दिसली. प्रेमकुंवर बघतच राहिली, आणि मग तीही रडली. उरलेल्या बांगड्या ताईबाईने दोघींच्याही हातात भरल्या. एकही वाढली नाही.

जाताना लाडकुंवरबाईंनी ताईबाईच्या टोपलीत पेटीतलं नवं लुगडं ठेवलं. ताईबाई नको नको म्हणाली, तर तिचे हात धरून म्हणाल्या, "माझी पोर मला दिलीस गं. जन्मभर विसरणार नाही." हे सगळ्या गल्लीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ टांगा घेऊन आला. ओट्यावर शेजारीपाजारी, चार वडीलधारे उभे. प्रेमकुंवरचा पदर पुन्हा हनुवटीखाली. लाडकुंवरबाईंनी निरोपाला तोंड उघडलं, पण कालची आठवण होऊन आवाज इतका खाली आणला की स्वतःलाच ऐकू येईना. पोरीपर्यंत काही पोचलं की नाही, कळेना. टांगा हलला.

तेवढ्यात पदर बाजूला झाला. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत, चोपड्यातल्या कुठल्याही सुनेने काढला नसेल असा आवाज काढून प्रेमकुंवर ओरडली, "सासूजीऽऽ! राखी झाली की लगेच येते मीऽऽ!"

लोक बघत राहिले. लाडकुंवरबाईंना मात्र शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांनी बांगड्यांचे दोन्ही हात वर करून हलवले, आणि टांगा दिसेनासा झाल्यावर तेच हात ताईबाईच्या कासार गल्लीच्या दिशेने जोडले.