डाव्या डोळ्याची भक्ती

योगीराज महाराजांच्या फक्त डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. कीर्तनाला बसलेल्या सगळ्या मांडवाला ते दिसायचं. पण एकानंही कधी विचारलं नाही, की बाबा, देव आठवला तर एकाच डोळ्याला कसा आठवतो? उजवा डोळा काय नास्तिक आहे?

विचारायची रीतच नाही आपल्याकडे. रडणारा माणूस दिसला की आपण हात जोडतो आणि मोकळे होतो.

महाराज राणीसावरगावचे. वय पंचेचाळिशीचं, आवाज खणखणीत, पाठांतर त्याहून पक्कं. त्यांचा एक गाय-वासराचा दृष्टांत होता. शेतकरी गाय बाजारात विकतो, वासरू दावणीला मागं राहतं, आणि टेम्पोत चढताना गाय मान वळवून हंबरते. देवाची आणि माणसाची ताटातूट अशीच, असं ते सांगायचे. समोर मोठा पंखा लावलेला, मांडवात धूळ, आणि नेमका इथं डावा डोळा वाहू लागायचा. बायका हुंदके द्यायच्या.

सुरुवातीला ते उपरण्यानं लगेच डोळा टिपायचे. दत्तरावनं ते बंद केलं. दत्तराव म्हणजे महाराजांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तारखा घेणं, गाडी ठरवणं, मोबाईलवर व्हिडिओ टाकणं, सगळं त्याच्याकडं. "दाजी, शेवटाला टिपा. तवर वाहू द्या," तो म्हणाला. व्हिडिओत तो डोळा जवळ ओढून दाखवू लागला, खाली संथ बासरी लावू लागला. फ्लेक्सवर नावाआधी 'भक्तिसागर' आलं.

मग एका गावात आरती झाल्यावर कुणा बाईनं महाराजांचं ते ओलं उपरणं मागून घेतलं आणि आपल्या लेकराच्या डोळ्याला लावलं. लेकराला दृष्ट लागत नाही म्हणे. पुढच्या गावात दहा जणींनी मागितलं. नंतर ती रीतच पडली. आरती झाली की उपरणं बायकांच्या रांगेतून फिरायचं, या लेकराच्या डोळ्यावरून त्या लेकराच्या डोळ्यावर, आणि मग प्रसाद.

महाराज ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. ढोंगी माणसाला निदान आपलं ढोंग माहीत असतं. यांना ते माहीतच नव्हतं. मोटारसायकलवर वारं लागलं की डोळा वाहायचा, घरी नुसतं बसल्या बसल्या वाहायचा. त्यांना वाटायचं, आत कुठंतरी नामस्मरण चालू असेल. एवढी माणसं पाया पडतात म्हटल्यावर कुणालाही तसंच वाटेल. म्हणून तर पाया पडू देऊ नये.

थंडीत त्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या कडेला, बोराएवढी लालभडक गाठ आली. हात लावला की कळ मस्तकात जायची. राजेश्रीबाई, त्यांची बायको, आधीच वैतागलेल्या होत्या.

"अवो, रोज सकाळी पापण्या चिकटायल्यात. गरम पाण्याच्या बोळ्यानं मी सोडवायले. पिवळं निघायलंय त्यातून. ही कसली भक्ती?"

"गप. उष्णता हाय ती."

"थंडीत उष्णता? चला परभणीला."

परभणीच्या डोळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर प्राची होत्या. तरुण होत्या, आणि महाराज कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे फार बरं झालं. त्यांनी गाठ बाजूनं हलकेच दाबली तसा पापणीच्या काठावरून पिवळा ठिपका बाहेर आला. त्यांनी तो कापसानं उचलून राजेश्रीबाईंना दाखवला.

"किती वर्षं पाणी येतंय, काका?"

"भक्तीला लागल्यापासून," महाराज म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. टेबलावरचा कागद उलटा करून त्यांनी एक डोळा काढला. "हे बघा. पापण्यांना आतल्या टोकाला, वर एक आणि खाली एक, सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. डोळ्यातलं पाणी तिथून आत जातं. पापणी मिटली की ते पुढं ढकललं जातं, इथं या छोट्या पिशवीत येतं, आणि पिशवीतून नळीनं खाली नाकात उतरतं. रडलं की नाक का वाहतं? यामुळं. तुमची नळी खाली बंद झालीय. पाणी पिशवीत साचलं, नासलं, पू झाला. लासरू म्हणतात याला. नळी तुंबली की पाणी वरून सांडणारच."

महाराजांनी त्या चित्राकडं पाहिलं. एवढंसं भोक, एवढीशी पिशवी. त्यांच्या सगळ्या फ्लेक्सांची मुळं तिथं होती.

"म्हंजे ते रडणं न्हाई?"

"नाही. सांडणं आहे."

मग राजेश्रीबाईंनीच तोंड उघडलं. "बाई, ह्यांचं हे पाणी लोकं लेकरांच्या डोळ्याला लावायल्यात. काही व्हतंय का त्यानं?"

डॉक्टरांचा हात थांबला. "लेकरांच्या? पू आहे हा! डोळे येतील पोरांचे. आणि तुम्ही लावू देता?"

ठरलं असं. आधी गोळ्यांनी सूज उतरवायची, मग ऑपरेशन. नाकाच्या कडेला छोटी चीर, मधलं पातळ हाड थोडं काढायचं, आणि पिशवीला नाकात नवी वाट करून द्यायची. तोवर उपरणं कुणाच्या हाती द्यायचं नाही.

बाहेर गाडीशी दत्तराव उभा होता. ऐकून त्याचा चेहरा पडला. "दाजी, औंदाचे सप्ताह होऊ द्या की. डोळा काय पळून चाललाय? लोकं तुमाला बघायला येत्यात."

"आयकायला येत्यात."

"बघायला," दत्तराव म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणून महाराजांना राग आला.

गोळ्या चालू असतानाच जिंतूरच्या पुढच्या एका गावी काल्याचं कीर्तन होतं. तारखेचा नारळ आधीच घेतलेला, जावंच लागलं. दृष्टांत झाला, डोळा वाहिला, आरती झाली. रांगेत पहिलीच अनसूया होती, कापूस वेचून पोट भरणारी, कडेवर तीनेक वर्षांची पोर. तिनं हात पुढं केला. महाराजांनी उपरणं घडी करून काखेत दाबलं.

"न्हाई माय. आजपासून बंद."

"आजपासूनच कसं बंद झालं? माझ्यापासून?"

"तसं न्हाई."

"मग कसं? गेल्या साली पाटलाच्या सुनेला दिलं की ह्याच मांडवात. आमी वेचणीची माणसं. आमच्या पोरीच्या डोळ्याला लावलं तर तुमचं उपरणं बाटतंय का?" बोलता बोलता तिचा आवाज चढला. मागच्या बायका कुजबुजू लागल्या.

तिचा संशय खोटा होता, पण तिला तो का यावा हे त्यांना चांगलं माहीत होतं. अशा मांडवात कोण कुठं बसतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं आणि कधी हटकलं नव्हतं. त्यांनी माईक उचलला.

"मंडळी, आयका. ह्यात पू हाय. माजी नळी तुंबलीय, हे नासलेलं पाणी हाय. लेकरांचे डोळे येतील. डॉक्टरनं सांगितलंय. ही भक्ती न्हाई, आजार हाय."

मांडव गप्प झाला. सत्य बोलल्यावर जेवढा वेळ गप्प व्हायला पाहिजे, तेवढा वेळ झाला. मग पुढं बसलेले एक गुरुजी उठले आणि डोळे पुसत म्हणाले, "बघा, किती नम्रता! स्वतःच्या अश्रूला पू म्हणणारा महात्मा!"

टाळ्या पडल्या. जयजयकार झाला. कुणीतरी काखेतून उपरणं ओढलं आणि ते रांगेत फिरलं. पार शेवटपर्यंत. अनसूयेनंही पोरीच्या डोळ्याला लावून घेतलं आणि महाराजांकडं असं बघितलं, की बघा, मिळवलंच. महाराज "अगं नको, नको" म्हणत राहिले. त्यांचा डावा डोळा वाहत होता, त्यामुळं कुणाला ते खरं वाटलं नाही.

गाडीत त्यांनी दत्तरावला एवढंच सांगितलं, "तारखा मोड."

ऑपरेशन जागेपणीच झालं. नाकाच्या कडेला सुया टोचून बधिर केलं होतं, दुखत नव्हतं, पण हाड तोडल्याचा आवाज डोक्यात कटकट ऐकू येत होता. नाकात पट्टी कोंबलेली, तोंडानं श्वास. चादरीखाली महाराज नाम घ्यायला लागले आणि मध्येच थांबले. आपण देवाला बोलावतोय की आवाज ऐकू येऊ नये म्हणून बडबडतोय, ते त्यांना कळेना.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टर प्राचींनी पापणीच्या भोकातून पिचकारीनं थोडं औषधी पाणी सोडलं. "घशात खारट लागलं?"

"लागलं."

"झालं. वाट मोकळी."

"बाई, आता डोळा कधीच भरून येणार न्हाई का?"

"रोजचं पाणी नाकात उतरेल. खरंच रडलात तर येईल की बाहेर. तेवढं कुठल्याच नळीत मावत नाही."

या एका वाक्यानं महाराजांची झोप उडवली. खरंच रडलो तर. बाप वारला तेव्हा लोक म्हणाले होते, महाराज किती रडले. पण तेव्हाही हा डोळा वाहतच होता. त्या पाण्यात बापासाठीचं किती आणि तुंबलेलं किती? एवढी वर्षं दुसऱ्यांना रडवलं, स्वतः एकदा तरी रडलो का? राजेश्रीबाईंना विचारलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मला काय इचारता? मी पुसायचंच काम केलं."

ऑपरेशननंतरचं पहिलं कीर्तन पोखर्णीच्या अलीकडच्या एका वस्तीवर लागलं. मांडवामागं दत्तरावनं खिशातून बामची डबी काढली.

"दाजी, बोटभर. पापणीखाली. कुणाला कळतंय?"

"लाव," महाराज म्हणाले. दत्तराव खूश झाला, तसे महाराज पुढं म्हणाले, "लाव की. आता पाणी सरळ नाकात उतरंल. मी कीर्तनात शेंबूड पुसत बसंन. त्याचा व्हिडिओ काढ."

दत्तरावनं डबी खिशात घातली. "मग काय देणार लोकांना आज?"

महाराजांनी वीणा खांद्याला लावली आणि ते मांडवात शिरले.

गाय टेम्पोत चढायला लागली तसे मांडवातले मोबाईल वर झाले. गायीनं मान वळवली. महाराज थांबले. डोळा कोरडा. त्यांनी आत शोधलं, काहीच नव्हतं. पाठ केलेली वाक्यं होती, नुसती. एकेक मोबाईल खाली गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "आज न्हाई लागली महाराजाची भक्ती." आरतीला निम्मी माणसं उठून गेली होती.

मांडव रिकामा होत होता तेव्हा कडूबाई नावाची म्हातारी काठी टेकत पुढं आली. पाया पडली नाही. तिचे गुडघे वाकत नव्हते.

"म्हाराज, एक इचारू? वासराचं काय झालं मग?"

"कोणत्या वासराचं?"

"दावणीला राहिलं ते. गाय गेली टेम्पोत. वासराला दूध कोण पाजलं?"

महाराजांनी कितीदा सांगितला असेल हा दृष्टांत. गायीची मान प्रत्येक वेळी वळवली, पण गोठ्यात ते एकदाही गेले नव्हते.

"मला न्हाई माहीत, माय."

"मग सांगता कशाला आर्धंच?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच पाहिजे होतं ते. महाराजांनी खांद्यावरची वीणा काढून गादीवर ठेवली, सतरंजीवर मांडी घातली आणि तिला हात धरून समोर बसवलं.

"तुमीच सांगा. गोठ्यात तुमी असता तर काय केलं असतं?"

कडूबाई काठी आडवी ठेवून विचार करायला लागली. रस्त्यावरून दत्तरावनं गाडीचा हॉर्न दिला, मग परत दिला.

"थांब रं," महाराज ओरडले. "वासरू उपाशी हाय अजून."