पाठमोरी वाक्यं

स्टुडिओत त्याला सगळे भावोजी म्हणत. खरं तर तो तिथे एकटीचाच भावोजी होता. बायकोची धाकटी बहीण तिथे पात्रांना आवाज द्यायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने जिन्यावरून "भावोजी, डबा विसरलात!" अशी हाळी दिली आणि मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना आयता भावोजी मिळाला. त्याला नऊ वर्षं झाली. आता त्याचं खरं नाव पगारपत्रकाला तेवढं ठाऊक होतं.

काम होतं परदेशी अ‍ॅनिमे मालिका, म्हणजे हलत्या चित्रांच्या गोष्टी, आपल्या भाषेत आणायचं. बाहेरच्यांना वाटतं, भाषांतर म्हणजे काय, इकडचं उचलायचं आणि तिकडे ठेवायचं. भावोजीला विचारा. चित्रातल्या माणसाचं तोंड म्हणजे तीन चित्रं: मिटलेलं, अर्धवट, उघडं. पडद्यावर तोंड सात वेळा उघडझाप करत असेल, तर आपलं वाक्यही सात उघडझापींत बसलं पाहिजे. शेवटी ओठ मिटत असतील तर शब्दही ओठ मिटणारा हवा. "मी येतो" चालत नाही, "येतो मी, थांब" चालतं. प्रत्येक प्रसंगाचा एक तक्ता. त्यात वेळ, पात्र, उघडझापींची संख्या आणि त्यापुढे आपलं वाक्य. दुसऱ्याच्या मापाचे कपडे शिवणारा शिंपी जसा रस्त्याने जाताना लोकांच्या खांद्यांकडे बघतो, तसा भावोजी माणसांच्या तोंडांकडे बघत असे. बायको भांडायला लागली की तिच्याही उघडझापी मोजल्या जात. ते तिला कळे, आणि भांडण लांबे.

पण पात्र पाठमोरं झालं की मजा. तोंड दिसत नाही, म्हणजे माप नाही. मूळ निर्मात्यांशी झालेल्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की पाठमोऱ्या पात्राच्या तोंडीही मूळचंच वाक्य यावं, आणि मूळ पात्र गप्प असेल तर आपणही गप्प. करार मालकाच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हरवलेली होती.

भावोजीला स्वतःची मालिका लिहायची होती. नोकरीच्याही आधीपासून. आग विझवणाऱ्यांच्या शाळेत शिकणारी एक मुलगी, आणि शहरात आगी लावत फिरणारी तिची आई. आई फक्त कुलूपबंद, रिकाम्या इमारती जाळते, कारण त्यांच्याच पायऱ्यांवर माणसं थंडीने मरतात. एवढं त्याच्याकडे तयार होतं. त्यासोबत एक जाडजूड वही होती. पाहिलेल्या प्रत्येक मालिकेला तीत एक पान, डावीकडे काय जमलं, उजवीकडे कुठे माती खाल्ली. चारशे बारा पानं भरली होती. चांगली मालिका कशाने होते, यावर भावोजी जेवणाच्या सुट्टीत प्रवचन देई, आणि ऐकायला हक्काचा एकच माणूस असे, ध्वनिमुद्रक. दिवसभर कानांवर डबड्यांएवढे हेडफोन असलेल्या या माणसाला सगळे कानसेन म्हणत.

"नायकाला काय हवंय ते सातव्या मिनिटाच्या आत कळलं पाहिजे," भावोजी सांगे. "खलनायकाचं म्हणणं नायकापेक्षा जास्त पटलं पाहिजे. आणि शक्ती फुकट मिळाली की मालिका संपली. मग नुसते भाग चालू राहतात."

"आणि सगळे समुद्रावर सहलीला जातात तो भाग?"

"त्या भागात लेखक झोपलेला असतो."

"मला तर तोच आवडतो," कानसेन म्हणे आणि हेडफोन पुन्हा चढवी.

आता या वहीवाल्या माणसाने एक गोष्ट केली, ती तशी साधीच. त्याच्या मालिकेसाठी सुचलेलं एखादं वाक्य चांगलं आहे की नाही, हे कळायचं कसं? बायकोला विचारलं की ती म्हणे, "छान आहे, भाजी चिरून दे." मग एके दिवशी एका मालिकेत एक सैनिक पाठ करून चालत जात होता, सहा सेकंद, गप्प. भावोजीने आपलं एक वाक्य त्याच्या पाठीवर चिकटवलं. भाग प्रसारित झाला. मालिका दाखवणाऱ्या वाहिनीच्या संकेतस्थळावर, भागाखाली, प्रेक्षकांनी तेच वाक्य लिहून लिहून टाकलं. बाकीच्या वीस मिनिटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. भावोजीने वहीत त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली. पहिली चोरी पचली की माणूस तिला पद्धत म्हणायला लागतो. सहा वर्षांत अशी त्रेसष्ट वाक्यं त्याने परक्या पाठींवर नेऊन चिकटवली.

सगळ्यांत गाजलं ते नावाड्याच्या पोराचं. धरणाच्या पाण्यात बुडालेलं गाव. एक पोरगा लोकांना होडीतून घेऊन जातो आणि खाली त्यांची घरं दाखवतो. नवव्या भागात त्याला कळतं की धरणाचे दरवाजे बंद करणारा हात आपल्याच बापाचा होता. बाप होडीत समोर बसलेला. पोरगा पाठ फिरवून वल्हवू लागतो, अकरा सेकंद. पोराला आवाज होता मेहुणीचा. अ‍ॅनिमेतल्या पोरांना बायकाच आवाज देतात, आणि तिचा आवाज तर बारा वर्षांचा होऊन थांबलेला. त्या अकरा सेकंदांत ती म्हणाली होती: "माफ करायला मी कधीचा बसलोय, बाबा. तुम्ही मागा तरी."

लग्नाकार्यात अनोळखी लोक तिला हे वाक्य म्हणून दाखवायला सांगत. ती लाजत आणि म्हणत असे.

मग वाहिनीने जाहीर केलं की दुसऱ्यांच्या मालिका किती दिवस उसन्या घ्यायच्या, आता स्वतःची काढू. लेखकांनी पहिला भाग लिहून पाठवावा. वय बेचाळीस, आणि अशी संधी पुन्हा चालून येईल एवढा तो भोळा नव्हता. दोन महिने सकाळी पाचला उठून त्याने भाग लिहिला. वाक्यं कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. वही होती, खुणा होत्या. ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं होतं अशी अठरा वाक्यं त्याने निवडली आणि त्यांच्याभोवती प्रसंग बांधले. मनात म्हणाला, माझीच आहेत, परत घेतो.

चव्वेचाळीस पानं गेली. बोलावणं आलं. वाचून दाखवायला एक आवाज सोबत आणायची मुभा होती. मेहुणीने नवी ओढणी घेतली.

वाहिनीच्या निवडप्रमुख बाई पन्नाशीच्या. चष्मा दोरीला लटकलेला, समोर चव्वेचाळीस पानं आणि त्यांवर पिवळ्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या बघून भावोजीला बरं वाटलं. बारकाईने वाचलंय, म्हणाला मनात. वाचलं होतंच.

"शेवटचा प्रसंग वाचा," बाई म्हणाल्या.

मेहुणीने घसा साफ केला. जळत्या इमारतीसमोर मुलगी आणि आई. दोन पानं झाली, आणि ती त्या जागी आली. "माफ करायला मी कधीची बसलेय, आई. तू माग तरी."

बाईंनी हात वर केला. "हे तुम्ही आधी बोललायत. याच चालीत."

मेहुणीचं हसू ओठांवरच राहिलं.

"वाचताना मला सारखं वाटत होतं की हे ऐकलंय. मग शोधलं." बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "अठरा वाक्यं. सगळी आमच्याच मालिकांमधली, तुमच्याच स्टुडिओतून आलेली. रोज दुसऱ्याचं ताट वाढता वाढता थोडं आपल्या ताटात पडतं, समजू शकते मी. पण अठरा?"

भावोजीने कागद पाहिला. खरं सांगावं तर नोकरी जाते, नाही सांगावं तर चोर ठरतो. त्याने दोन्ही तोलून पाहिलं आणि चोरीचं पारडं हलकं वाटलं. "प्रभाव असेल," तो पुटपुटला. "नकळत होतं."

"प्रभाव कसला?" मेहुणी उसळली. "मॅडम, ती वाक्यं यांचीच आहेत! मूळ मालिकेत तिथे कुणी काही बोलतच नाही. पात्र पाठमोरं असतं, भावोजी आपलं वाक्य घालतात. मी स्वतः बोललेय ना! हवं तर मूळ काढून बघा."

"गप गं," भावोजी म्हणाला. पण उशीर झाला होता. त्याला वाचवल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

बाईंनी चष्मा लावला, संगणकात शोधलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर मूळ नववा भाग लावला.

आता हे सांगायला हवं की स्टुडिओत अख्खा प्रसंग कुणी बघत नाही. मेहुणी आवाज देते ती दहा-बारा सेकंदांच्या तुकड्यांना, भावोजी तेच तुकडे थांबवून थांबवून तोंडं मोजतो आणि तक्ता भरतो. मूळचा प्रसंग सुरुवातीपासून, आवाजासकट, त्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो त्या खोलीत.

पोरगा पाठ फिरवतो. वल्हं पाण्यात पडतं. पुन्हा पडतं. तिसऱ्यांदा पडतं. चौथ्यांदा पडत नाही. होडी आपसूक पुढे सरकत राहते. आणि समोर बसलेला बाप तोंड उघडतो. काही बोलत नाही. मिटतो. पोराला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. मग वल्हं पुन्हा पाण्यात.

मेहुणी ओढणीने डोळे टिपत होती. बाईंनी भाग थांबवला.

भावोजीला आपला तक्ता आठवला. त्या जागी त्याच्याच अक्षरात नोंद होती: बाप, एक उघडझाप, रिकामी.

"वाक्य वाईट नाही," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "पण बाप बोलणार होता हो. तुम्ही पोरालाच आधी बोलायला लावलंत. मग त्या बापाकडे बघणार कोण?"

"लोकांना आवडलं," भावोजी म्हणाला. आपण हे का म्हणालो, तेही त्याला कळेना.

"त्यांना हे दाखवलंच कुठे तुम्ही?"

मग कामाचं बोलणं झालं. मूळ निर्मात्यांना कळलं तर वाहिनीच्या अंगाशी येईल, म्हणून बोभाटा नको. सगळी वाक्यं काढायची. अठराच नाहीत हे बाईंनी ओळखलं होतं. कुठे कुठे आहेत ते फक्त भावोजीला माहीत, म्हणून त्यानेच काढायची, त्यासाठी नोकरी राहील. "आणि तुमचा हा भाग," त्यांनी चिठ्ठ्यांसकट पानं परत दिली, "ही अठरा वाक्यं काढून जे उरेल, ते चांगलं असेल तर सोमवारपर्यंत पुन्हा पाठवा. मी वाचेन. खरंच वाचेन."

जिना उतरताना मेहुणी म्हणाली, "बघा, दार बंद नाही केलं त्यांनी. मी बोलले म्हणून."

"हो," भावोजी म्हणाला.

शनिवारी सकाळी त्याने वाक्यं काढली. चव्वेचाळीसची एकोणचाळीस पानं झाली. मग ती वाचली. नायिकेला काय हवंय ते सातव्या मिनिटाला कळत होतं. आईचं म्हणणं मुलीपेक्षा पटत होतं. प्रत्येक शक्तीची किंमत मोजली जात होती, सहल कुठेही नव्हती. चारशे बारा मालिकांनी केलेली एकही चूक त्यात नव्हती. आणि कुणी कुणाशी बोलत का होतं, ते समजत नव्हतं. त्या अठरा वाक्यांपर्यंत पोचायला माणसं चालत होती. आता वाक्यं नव्हती, तरी माणसं चालतच होती.

त्याने शेवटच्या प्रसंगात लिहिलं: मुलगी गप्प राहते. आई तोंड उघडते, मिटते. वाचून पाहिलं. काहीच झालं नाही. गप्प बसायला आधी काहीतरी साठलेलं असावं लागतं, ते एकोणचाळीस पानांत कुठेच साठलेलं नव्हतं. रविवारी त्याने आईच्या तोंडी नवं वाक्य घातलं. ते सुचताच वहीकडे हात गेला, खूण करायला. त्याने वही मिटली, वाक्य खोडलं. संध्याकाळी बायको दोनदा दारातून डोकावून गेली. भाजी चिरायला बोलावलं नाही, हे विशेष.

सोमवार आला आणि गेला. पानं घरीच राहिली.

त्या आठवड्यापासून तो आणि कानसेन वाक्यं उपसायला बसले. भावोजी जागा सांगे, कानसेन आवाज काढून टाके आणि खालचं पाणी, वारा, पावलं जोडून घेई. दिवसाला दोन-तीन होत. नववा भाग नव्याने वाहिनीवर गेला, तेव्हा भावोजीने कामधाम सोडून प्रेक्षकांचं लिखाण वाचलं. कुणीतरी तर विचारेल, ते वाक्य कुठे गेलं म्हणून. दोन दिवसांनी एकाने लिहिलं: "आता आवाज जास्त स्वच्छ येतोय, धन्यवाद."

"ही माझी तारीफ," कानसेन म्हणाला. "तुझ्याशी वाटून घेऊ का?"

"ठेव तुझ्याकडेच."

पुढच्या गुरुवारी मेहुणी नव्या मालिकेला आवाज द्यायला आली. काचेपलीकडून तिने तोंडाने खूण केली, मग आत येऊनच विचारलं, "पाठवलंत ना भावोजी? काही कळलं का?"

"पाठवलं," भावोजी म्हणाला. "वेळ लागतो त्यांना."

"लागू दे. पण त्या मुलीला आवाज माझाच हं. दुसऱ्या कुणाला दिलात तर ताईला सांगेन."

"तुझाच."

"शब्द?"

"शब्द," भावोजी म्हणाला, आणि कानसेनला म्हणाला, "चल, तेविसावं. सैनिक जिना उतरतोय, पाठमोरा. काढ."