वद्यातलं लाकूड

मी खांब बोलतोय. बोलायची हौस नाही. पण अंगणात आडवा पडलोय म्हटल्यावर जो तो विचारतो, "कुठला रे बाबा तू?" घ्या, ऐका एकदाचं.

मी ग्वायाकान झाडाचा. एक्वादोरच्या किनाऱ्याकडच्या डोंगरातला. एलेउतेरिओनं मला वद्य पंधरवड्यात तोडलं. चंद्र उतरणीला लागल्याशिवाय आमच्याकडे घराच्या लाकडाला कुऱ्हाड लावत नाहीत. भरल्या चंद्रात लाकडात रस चढतो, मग कीड पडते. मी इतका कडक की खिळा वाकायचा. एलेउतेरिओ शिव्या द्यायचा, पण हसत.

नदीकाठी आम्हा चार खांबांवर घर उभं राहिलं. खाली कोंबड्या, वर माणसं. एलेउतेरिओची बायको आउरिस्तेला मला पाठ टेकून कच्ची केळी सोलायची. म्हातारा गेला. लेक-जावई सोबत होते, पण घर तिचं. "मला इथूनच उचला," एवढंच तिचं मागणं.

डोंगरात आमची जात संपली. लोक लागवडीतला साग आणू लागले. साग वाईट नव्हे. पण कोवळाच तोडलेला, निम्मा पांढरा, गाभा न धरलेला, तो काय कामाचा?

समुद्राकडे हॉटेल बांधणाऱ्या एकाला जुने खांब हवे होते. बदल्यात सागाचे नवे खांब आणि छपराला पत्रे. जावई विल्फ्रिदो तयारच. ट्रक आला तो पौर्णिमेला. साग आदल्या दिवशी तोडलेला, ओला.

"जावईबापू, वर बघा जरा. चंद्र केवढा आहे."

"सासूबाई, चंद्र काय घराला टेकू द्यायला येणार आहे?"

"तुमच्या बापानं असलं लाकूड खुराड्यालासुद्धा लावलं नसतं."

"म्हणूनच तो गळक्या छपराखाली मेला."

माझे तिघे सोबती गेले. मला गाठ होती, हॉटेलवाल्यानं नाकारलं. म्हातारी म्हणाली, "हा तरी परत लावा."

"तीन पिवळ्यांत एक काळा? लोक हसतील!" विल्फ्रिदोनं मला लाथेनं बाजूला ढकललं.

वर्षभरात नव्या खांबांतून किडीनं कोरलेलं पीठ गळायला लागलं. म्हातारी रोज झाडायची. नदी चढली आणि घर गुडघे मोडल्यासारखं खाली बसलं. माणसं वाचली. मी चिखलात पडून बघत होतो. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही.

आता रस्त्याकडेला सिमेंटच्या विटांचं घर आहे. मला ओढत आणून बाकडं केलंय. म्हातारी आत भिंतीकडे तोंड करून बसते. जेवायला हाक मारली तर म्हणते, "तुम्ही जेवा, मी घरी जाऊन जेवेन."

संध्याकाळी जावई माझ्यावर बसून बूट काढतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, "नदीनं नेलं हो घर." आत तिला ऐकू जातं.

आधी आत जा, तिची माफी माग. मग माझी. लाथ मारलीस ती मी विसरलो नाही, विल्फ्रिदो आंचुंदिया.