अजून दोन मजले

“ह्याला जिना का नाही?” सांगुअन म्हातारीनं निळ्या घराच्या दारातून बोट आत घालून विचारलं.

“जागेवाल्याला जिना कशाला लागतो, ताई? त्याचे काय गुडघे दुखतात?”

“चढता आलं नाही तर बाहेर बसेल, आणि माझ्या नावानं बोटं मोडेल. जिना करून दे. तोवर बाजूला ठेव, दुसऱ्या कुणाला विकलंस तर बघ, थापाड्या.”

नोंथाबुरीच्या हमरस्त्यावर मी चाळीस वर्षं जागेवाल्याची घरं विकतो. सिमेंटची, खांबावर बसणारी, कोंबडीच्या खुराड्याएवढी. माणूस घर बांधतो तेव्हा त्या जमिनीच्या मूळ मालकाला, म्हणजे तिथं राखण करणाऱ्या अदृश्य जागेवाल्याला, असं एक घर अंगणात द्यावंच लागतं. रोज हार, उदबत्ती आणि लाल सोड्याची बाटली, नळीसकट. माझ्या एका घरातला जागेवाला सोडा पिऊन पिऊन इतका फुगला, की शेवटी छप्पर उचलून त्याला बाहेर काढावं लागलं. हे मी बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगितलंय. एकानं ऐकून दुप्पट मोठं घर नेलं.

म्हातारी मात्र अजून घराची मालकीण झाली नव्हती. ती आणि तिची मुलगी वन्फेन बाजारामागे बर्फवाल्याच्या वरच्या भाड्याच्या खोलीत राहत. वन्फेन एकोणपन्नास वर्षांची, बिनलग्नाची. सव्वीस वर्षं पोस्टात पत्रं लावायचं काम. सगळ्या गावाचे पत्ते तिला पाठ, आणि स्वतःचा पत्ता काय, तर ‘बर्फवाल्याच्या वर’. आता कुठं मायलेकी पहिल्यांदा स्वतःचं काही घेणार होत्या, आणि घोडं दोन जागांवर अडलं होतं. एक, गावाबाहेरचं बैठं घर, पुढं चटईएवढी माती. दुसरा, नव्या टॉवरमधला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट.

“त्या घरापासून हॉस्पिटल दीड तास,” वन्फेन माझ्या दुकानासमोर उभी राहून आईला सांगत होती. “आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रस्त्यातच जाशील एखाद दिवशी. फ्लॅटवरून दहा मिनिटं.”

“रस्त्यात गेले तर गेले. रस्ता जमिनीवर तरी असेल.”

“मामा, तुम्ही तरी सांगा हिला.”

मी काय सांगणार? फ्लॅटवाल्यांना जागेवाल्याचं घर लागत नाही. आठशे माणसांत मिळून खाली फाटकाशी एकच, तेही कंपनीनं दिलेलं. मी जिन्याच्या पायऱ्या घासत राहिलो.

खरं तर भांडणात दोघींपैकी कुणाचंच चुकत नव्हतं. मुलीला आई जगवायला जागा हवी होती, आईला मेल्यावर राहायला.

एकदा दोघी फ्लॅट बघायला गेल्या. लिफ्ट सहाव्यावर थांबली, दार उघडलं, म्हातारी उतरली. एजंट वन्फेनला स्विमिंग पूलचं काहीतरी सांगत होता. दार मिटलं, लिफ्ट वर. मग अर्धा तास शोधाशोध. म्हातारी सापडली ती एका परक्या बाईच्या खाटेवर, पपनसाच्या फोडी मिठाला लावून खाताना.

“सगळी दारं एकसारखी,” ती मला येऊन म्हणाली. “जे उघडं दिसलं त्यात शिरले. बाई चांगली होती बिचारी. तिलापण नीटसं माहीत नव्हतं शेजारी कोण राहतं ते.” मग आवाज खाली आणून, “थापाड्या, आज एक खरं सांग. मेलेलं माणूस आठव्या मजल्यावर चढतं का?”

निळ्या घराला जिना लावून झाला होता. तीन पायऱ्या. म्हणून मी म्हणालो, “तिसऱ्यापर्यंत चढतं, ताई. पुढं मातीचा वास संपतो, वाट कळत नाही. त्या टॉवरांच्या जिन्यात किती म्हातारेकोतारे बसून आहेत, विचार रखवालदाराला.”

एरवी माझ्या थापांना ती ओंजळीत तोंड खुपसून हसायची. त्या दिवशी हसली नाही. निळ्या घराच्या पायऱ्यांवरून बोट फिरवत, एक दोन तीन, एक दोन तीन, करत बसली. मला वाटलं, चला, घर विकलं गेलं.

महिनाभर भांडण चाललं. पावसाळा संपता संपता म्हातारीच्या अंगावर सूज आली, हॉस्पिटलात ठेवलं. वन्फेननं त्याच आठवड्यात, आईला न सांगता, फ्लॅटच्या कागदांवर सही केली. घरी आणल्यावर सांगू, म्हणाली. दोन दिवसांनी म्हातारीनं डोळे न उघडता विचारलं, “कुठलं घेतलं गं?”

वन्फेन म्हणाली, “घर घेतलं, आई. अंगणवालं.”

म्हातारी “बरं झालं” म्हणाली. ते शेवटचं.

दहनानंतर तिसऱ्या दिवशी वन्फेन माझ्या दुकानी आली. छातीशी अस्थींचा लहानसा पितळी डबा, हातात उदबत्ती. आमच्याकडे मेलेल्या माणसाला वाट सांगत न्यावं लागतं. पूल आला की सांगायचं पूल आला, वळण आलं की वळण. नाहीतर जीव मागं राहतो. हॉस्पिटलपासून दहनाच्या देवळापर्यंत तिनं आईला असंच आणलं होतं. आता देवळातून घरी न्यायची होती.

“कुठल्या घरी चल म्हणू, मामा?” तिनं विचारलं. “ती त्या दुसऱ्या घरी जाऊन बसेल. मीच दिलाय तिला तो पत्ता.”

मी तिच्यासाठी स्टूल पुढं केलं.

“चुकीच्या पत्त्याचं पत्र दोनदा फिरवतात. मग कोपऱ्यातल्या पेटीत टाकतात. सव्वीस वर्षं मीच टाकतेय. ती पेटी न्यायला कुणी येत नाही.” तिनं निळ्या घराच्या पायरीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. “आणि तुम्ही तर सांगितलंत, तिसऱ्याच्या वर जमतच नाही.”

आयुष्यात मी किती थापा मारल्या त्याची गणती नाही. परत घ्यावीशी वाटली ती ही एकच. आणि ती परत घ्यायला माझ्याकडे दुसरी थापच होती.

“ते जिन्याचं सांगितलं होतं मी,” मी म्हणालो. “जिन्यात दमतात. लिफ्टचं वेगळं असतं. फक्त एकेक मजला मोजून सांगावा लागतो.”

“खरं?”

“मी कधी खोटं बोललोय?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “तुम्ही पण चला.”

दुकानावर फडकं टाकून मी तिच्याबरोबर टुकटुकमध्ये बसलो. वळणावर ती हळू आवाजात म्हणायची, “आई, डावीकडं.” पुलाच्या चढावर म्हणाली, “आई, पूल आला.” मग डब्यावर हात ठेवून, “आणि आई, मी घर नाही घेतलं. फ्लॅट घेतला. तुला हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून घेतला.” टुकटुकवाल्यानं मान वळवली नाही. पूल उतरेपर्यंत गाडी सावकाश नेली.

टॉवरच्या दारात रखवालदार म्हणाला, “उदबत्ती आत चालत नाही, ताई, धुराचा भोंगा वाजतो.” मग त्याला डबा दिसला. त्यानं हात जोडले, उदबत्ती स्वतः घेऊन फाटकाच्या जागेवाल्यापुढं, सोड्याच्या बाटलीशेजारी खोचली, आणि आमच्यासाठी लिफ्ट बोलावली.

लिफ्टमध्ये भाजीची पिशवी घेतलेली एक बाई होती आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला एक माणूस. वन्फेननं आठचं बटण दाबलं.

“आई, पहिला. दुसरा,” ती म्हणाली. “आई, तिसरा.”

पिशवीवाल्या बाईनं डब्याकडे पाहिलं आणि पिशवी पायाशी ओढून भिंतीला सरकली. माणूस दुसऱ्या भिंतीला. मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा झाली. मीही जरा बाजूला झालो.

“चौथा. पाचवा.”

सहाव्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. लांबलचक मोकळा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारं.

“इथं नाही, आई,” वन्फेन म्हणाली. “अजून दोन मजले.”

दार मिटायचं बटण कुणीच दाबलं नाही. ते आपलं आपण मिटेपर्यंत आम्ही सगळे थांबून राहिलो.