चष्मा घातलेला सूर्य

चार टाचण्या... आणि प्रत्येकीखाली नखाएवढा पांढरा कागद. सकाळी वर्गात कुणी यायच्या आत बाईंनी ते चित्र ओढून काढलं तेव्हा त्याचे कोपरे बोर्डावरच राहिले, आणि आता हजेरी घेताना नजर फिरून फिरून तिथेच जात होती. निदान टाचण्या तरी नीट उपसायच्या! पण चोराला एवढी उसंत कुठली... चोर? आपल्याच वर्गातलं चित्र आपल्याच पिशवीत ठेवलं, त्यात चोरी कसली?

"बाई, चष्मेवाला सूर्य कुठे गेला?" पहिल्या बाकावरच्या पोपटाने विचारलंच. या पोराचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसेल.

"पडला असेल कुठे. गप्प बस."

"आणि चिमणी कुठे गेली?"

चिमणीची जागा रिकामी होती. बाईंनी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडली आणि पुढचं नाव जरा जास्तच मोठ्याने घेतलं.

शाळेचं वार्तापत्र म्हणजे बाईंचं लाडकं बाळ. दर महिन्याला दातांची तपासणी, धावण्याच्या शर्यती, नवीन झोपाळा, सगळं त्याच लिहीत आणि शाळेच्या संकेतस्थळावर चढवत. या वेळी तर 'इंटरनेटवर मुलांना जपा' असा लेखही होता, बाईंचाच. चिमणीच्या आईने प्रवेशाच्या दिवशी सांगितलं होतं, "तिचा फोटो, नाव कुठेही नको हं बाई. तिच्या वडिलांना आम्ही कुठे राहतो ते कळता कामा नये." सांगताना तिने बाही मनगटापर्यंत ओढून घेतली होती. बाईंनी ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. प्रत्येक फोटोच्या वेळी चिमणीला काहीतरी आणायला पाठवायचं... आणि मग 'घर ते शाळा' चित्रस्पर्धेत तिचाच पहिला नंबर. निळं फाटक, शेजारी शिंप्याचं दुकान, त्याची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी, पाण्याची गोल टाकी, शाळा, आणि वर चष्मा घातलेला सूर्य. कोपऱ्यातल्या नावावर बाईंनी पांढरी पट्टी चिकटवली आणि चित्र पहिल्या पानावर घेतलं, आपल्या लेखाच्या अगदी डोक्यावर. ना चेहरा, ना नाव! मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याइतकं काळजी घेणारं माणूस शोधून सापडायचं नाही." तेव्हा किती गोड वाटलं होतं ते, शी...

काल शाळा सुटल्यावर चिमणीची आई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"तो आला होता बाई. फाटकासमोर उभा. वर हसून म्हणतो, लेक अजून सूर्याला चष्मा घालते वाटतं! त्यानेच शिकवलेलं ते. आता ही अजून तसंच काढते हे आमच्या ताईशिवाय कुणाला ठाऊक? सख्खी बहीण हो! तिनेच आसरा दिला, तिनेच घात केला. तिला म्हटलं, आजपासून तू मला मेलीस."

वार्तापत्र तिने पाहिलंच नव्हतं. नवऱ्याने माग काढू नये म्हणून ती साधा फोन वापरत होती. चुकलं बाई माझं, एवढे तीन शब्द... बाईंच्या जिभेवर आलेसुद्धा. पण आईने त्यांचा हात धरला. "उद्या शाळा सुटताना दाखला न्यायला येते. दुसऱ्या गावी जातोय. आणि तिचं ते बक्षिसाचं चित्र द्याल? तेवढ्यासाठी हटून बसलीय. तुम्हीच एक होतात हो इथे विश्वासाच्या."

"शोधते," बाई म्हणाल्या होत्या. शोधते! भिंतीवर डोळ्यांसमोर होतं ते.

आज तिसरा तास नेमका त्याच विषयाचा. "अनोळखी माणसाला काय सांगायचं नाही?" बाईंनी विचारलं आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, नाव, पत्ता, शाळा! शाबास, असं म्हणायला हवं होतं. बाई पाणी प्यायल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच — आणि दिवा तरी कसला, स्वतःच्या हाताने पेटवून मिरवलेला. वार्तापत्र सकाळीच उतरवलं होतं. आता कुणाला काही दिसणार नाही. चिमणी जाईल, आई जाईल, सुंठीवाचून खोकला जाईल... हा विचार माझा? बाईंना स्वतःचीच किळस आली. तरीही त्या मनात म्हणतच राहिल्या, ती न येवो, परस्पर जावो, काही काम निघो आणि तिला यायला न जमो.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. बाईंनी चित्र बाहेर काढलं, टेबलावर तळव्याने सपाट केलं. चारही कोपरे फाटलेले. फाटकापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर एका बाईचा हात धरून चिमणी चालली होती. दुकानापाशी दोघी, टाकीपाशी दोघी, शाळेच्या दाराशी दोघी. ही आई, असं त्या वार्तापत्रात घेताना धरून चालल्या होत्या. आता चष्मा पुसून पाहिलं तर त्या बाईच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं — मावशी.

मावशी... म्हणजे ताई. ती या घटकेला कुठे असेल? आपलं काय चुकलं हे घोकत बसली असेल. माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे, आणि शिक्षा भोगतेय ती. आणि त्या माणसाने उद्या नव्या गावातही माग काढला, तर या मायलेकींनी पळून जायचं कुणाच्या दारी? ते एकच दार होतं, तेही मी लावून घ्यायला लावलं.

शाळा सुटली. मुलं फाटकातून सांडली, आया-आज्या आल्या, पोपट जाता जाता म्हणाला, "बाई, सूर्य सापडला की तुम्हाला!" बाई चित्र दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, उघडं, फाटके कोपरे लपवायचं सोडून. हळूहळू रस्ता रिकामा झाला. चिमणीची आई दिसेना. परस्पर गेली की काय? सकाळपासून हेच तर मागत होतो आपण... कोपऱ्यावर कुणी बाई वळली की त्या दोन पावलं पुढे होत, दुसरीच कुणी निघाली की तिथेच थांबत.

ये गं बाई, त्या मनात म्हणत होत्या, शिव्या दे, तोंडावर थुंक, पण ये.